सरोजक्काचा रकाना

आमच्या शनिवारच्या बैठकीत पंधरा वर्षांत कथा लिहून झाल्या जेमतेम वीस. त्या कथांवरून झालेले किस्से मात्र दोनशेच्या घरात जातील! कथा लिहायला बसावं लागतं. किस्से आपल्याला बसू देत नाहीत.

पद्मा म्हणते, "सुनंदक्का, तुम्ही हे सांगायला लागलात की आधी हसता आणि मग टेबलावर हात आपटता." खरं आहे. सांगायला घेते ते हसवायचं म्हणूनच. मध्येच कुठंतरी डोकं फिरतं. आता वय झालं, बीपीची गोळी चालू आहे, तरी फिरतं. तुम्ही खुशाल हसा. माझं मी बघते.

बैठक म्हणजे फार मोठं काही समजू नका. तीन बायका, म्हैसूरच्या अग्रहारातल्या सरोजक्काच्या घराचा वरचा मजला आणि फ्लास्कभर कॉफी. सरोजक्का आमच्यात मोठी. कन्नड प्राथमिक शाळेत सगळी नोकरी करून रिटायर झालेली. तिचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत घोडेस्वार होते, तेव्हापासून घराणं इथलंच. पद्मा बँकेत ऑफिसर. तिच्याही पाच-सहा पिढ्या म्हैसूरच्याच. दोघी घरी मराठी बोलतात. निम्मं कन्नड घातलेलं, पण मराठीच! शाळा मात्र कन्नड झालेली. त्यामुळे लिहायची वेळ आली की कथा मराठी आणि अक्षरं कन्नड.

मी मूळची कराडची, लग्न करून इकडं आले. तिघींत बालबोध लिहिता येणारी मी एकटीच. तेव्हा आमची पद्धत अशी पडली: त्यांनी वहीतून वाचायचं आणि मी देवनागरीत उतरवून घ्यायचं. लेखिका त्या, कारकून मी!

* * *

पहिल्याच शनिवारी अक्कानं जी कथा वाचली, ती आधी सांगते. पुढचे सगळे तमाशे त्या एका कथेचे आहेत.

राज्यं भाषेवर वाटून झाली, त्यानंतरची गोष्ट. अक्का तेव्हा नवी टीचर. नोकरी अजून पक्की व्हायची होती. जनगणनेचं काम सरकार शाळेच्या टीचरांनाच लावतं, तसं तिलाही लागलं. वार्ड वाटून दिले, त्यात तिचा स्वतःचाच वार्ड तिला आला. आदल्या दिवशी स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत हसत विचारलं होतं, "काय टीचर, कन्नड शिकवणाऱ्यांच्या घरी भाषा कुठली?" सगळे हसले. ही पण हसली.

मग हातात कागद घेऊन स्वतःच्याच दारात उभी राहिली. आतून आई आली. लेकीनं सरकारी आवाजात विचारलं, नाव काय, वय काय, घरात माणसं किती. आईनं पदर सावरून नीट उत्तरं दिली. मातृभाषा? आई म्हणाली, "आपली मराठी की गे. तुला ठाऊक नाही?" लेकीनं रकान्यात लिहिलं, 'कन्नड'. आईला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "काय लिहिलीस?" लेक म्हणाली, "मराठी." आई म्हणाली, "शहाणी गे माझी बाई." आणि त्याच उन्हाळ्यात आई वारली.

कथा संपली. 'मला वाईट वाटलं', 'मी रडले', 'मला झोप लागली नाही', असलं एक अक्षर अक्कानं पुढं लिहिलं नव्हतं.

पद्मा नाक पुसत होती. मी विचारलं, "अक्का, हे खरं?"

"अय्यो, खरं नाही तर काय," अक्का म्हणाली. "बाकीच्या कथा राहू देत. ही एक छापून यायला पाहिजे. मी आईला खोटं सांगितलं. आता चार लोकांना खरं सांगून मरू दे मला."

ही एवढीच तिची मागणी होती बघा. एक कथा, आहे तशी. त्यासाठी नऊ वर्षं गेली!

* * *

पहिला गुन्हा माझाच. लपवत नाही.

कथा घरी नेऊन मी फेअर केली. करताना हात शिवशिवायला लागले. आईचं बोलणं जरा सरळ केलं, इकडचा कन्नड शब्द काढला, तिकडं 'बाळ' घातलं, "तू असं का विचारतेस?" घातलं. चांगलं दिसत होतं! पुढच्या शनिवारी ऐटीत वाचून दाखवलं.

अक्का डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "थांब. ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? तुमची आई."

"माझी आई नव्हे ही. ही तुझी आई आहे. तुझी आई कराडला ठेव बघू, माझी मला परत दे!"

मला राग आला. एवढे कष्ट घेतले, वर बोलणी! मी म्हटलं, "अहो अक्का, तिकडच्या लोकांना कळायला नको?"

तेव्हा ती जी चिडली! एरवी आवाज न चढवणारी बाई, कॉफीचा पेला खाली आपटून म्हणाली, "एकदा मी तिच्या नावावर दुसरी भाषा लावली. आता तू लावालीस? तिला न विचारता?"

मी कागद फाडले. परत पहिल्यापासून लिहायला घेतलं, ती बोलेल तसं. त्या दिवसापासून मी तिच्या वहीतला काना इकडचा तिकडं केला नाही. राग मात्र दोन आठवडे होता. तिच्यावर नाही हो, माझ्यावरच.

* * *

पुण्याच्या एका मासिकाला कथा पाठवली. चार महिन्यांनी उत्तर आलं, सुरेख टाइप केलेलं. "कथेचा आशय हृद्य आहे. तथापि भाषा शुद्ध करून पाठवल्यास विचार करता येईल. तसेच परिचयासाठी कळवावे की, लेखिका कोणत्या साली महाराष्ट्रातून कर्नाटकात स्थलांतरित झाल्या?"

मी वाचून दाखवलं. अक्काला 'हृद्य' कळलं नाही. स्थलांतरित मात्र बरोबर कळलं.

"कधी आले म्हणून विचारालेत?"

"हो."

"लिही. मी आले नाही. आमच्यातला शेवटचा जो आला तो घोड्यावरनं आला. घोडा मेलेला आहे. त्यामुळे साल कुणाला विचारायचं, कळवा."

मी कार्डावर अगदी तस्संच लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही. वर्षभरानंतर त्याच मासिकाचा एक छापील कागद मात्र आला: 'महाराष्ट्राबाहेरील मराठी जगवा, वर्गणीदार व्हा!'

मी तो कागद चुलीत घालायला निघाले होते. घरात गॅस आहे हे लक्षात आल्यावर आणखी संताप झाला.

* * *

मग म्हटलं, मरू दे ते पुणे. इथल्याच एका कन्नड साप्ताहिकात देऊ. अक्का स्वतःच कन्नडमध्ये करून देईल, तिला काय अवघड! पण अक्का म्हणाली, आईचं बोलणं मराठीतच ठेवीन, सोबत अर्थ देईन. त्याच अटीवर आम्ही तिघी त्या ऑफिसात गेलो.

संपादक चाळिशीचा माणूस. बसायला खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली, वागायला एकदम चांगला. पानं वाचली आणि खूश होऊन म्हणाला, "मॅडम, निम्म कन्नड तुंबा चेन्नागिदे! मराठी लोकांचं कन्नड एवढं छान असतं, माहीतच नव्हतं मला!"

अक्का त्याच्याकडं निरखून बघत होती. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुझं नाव मंजुनाथ काय रे? तिसरी 'ब'?"

तो ताडकन उभा राहिला. "मिस्सु? तुम्ही?"

"माझं कन्नड चांगलं आहे म्हणतोस. असायलाच पाहिजे. तुझं मीच शिकवलेलं आहे."

बिचारा पाया पडला. डोळ्यांत पाणी वगैरे आलं त्याच्या. आम्हाला वाटलं, झालं काम! पण दारापर्यंत सोडायला आला आणि हळूच म्हणाला, "मिस्सु, कथा बेस्ट आहे. पण सध्या वातावरण... सीमेवरनं रोज काहीतरी चाललंय. टीचरनं रकान्यात खोटं लिहिलं, हे छापलं तर लोक म्हणतील आपण जबरदस्ती करतो. तेवढं सोडून दुसरं काहीही द्या, छापतो."

अक्का रस्त्यावर आल्यावर म्हणाली, "हुशार होता लहानपणी. बोट धरून अक्षर गिरवायला शिकवलं त्याला." पुढं अख्ख्या रस्त्यात पद्माच बोलत होती. पद्मा जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही!

* * *

सेमिनारचा किस्सा आमच्यात सगळ्यात फेमस.

एका कॉलेजनं सेमिनार ठेवला होता, 'उत्तर-वसाहतकालीन स्त्री-कथेतील विस्थापन आणि अस्मिता'. नाव एवढं लांब की बॅनर दोन खांबांत मावेना! पद्माच्या ओळखीच्या एका प्राध्यापिकेनं अक्काची कथा इंग्रजीत करून घेतली होती आणि अक्काला बोलावलं होतं. आम्ही दोघी शेपूट म्हणून गेलो. घरून चालत वीस मिनिटं.

गेटवर एक गोड मुलगी बसलेली. तिनं यादीत बघितलं, अक्काच्या साडीला गुलाबी बिल्ला लावला आणि किल्ली दिली. "मॅडम, गेस्ट हाऊस, रूम नंबर सात. बिसिनीरु सकाळी सहा ते आठ."

अक्का म्हणाली, "गरम पाणी कशाला गे? माझं घर इथंच, अग्रहारात."

मुलगी घाबरली. परत यादी बघितली. "पण मॅडम, लिस्टमध्ये तुम्ही बाहेरच्या आहात. मराठी रायटर."

आत दिल्लीच्या एका विदुषीनं अक्काच्या कथेवर पाऊण तास निबंध वाचला. नायिका हरवलेल्या भूमीसाठी कशी तळमळते, तिची मुळं कशी उखडली आहेत, ती दोन जगांच्या मध्ये कशी लटकते आहे! अक्का पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. मला कोपरानं ढोसून म्हणाली, "ती भूमी कुठली म्हणे?"

"महाराष्ट्र."

"अय्यो! मी तर ते बघितलेलंच नाही अजून."

माझं रक्त उकळायला लागलं. ज्या बाईनं भीतीनं आईच्या तोंडावर खोटं लिहिलं, त्या भीतीबद्दल एक शब्द नाही! तो रकाना कुणी छापला, स्टाफरूममध्ये लोक का हसले, त्याबद्दल एक शब्द नाही! आणि लटकते आहे म्हणे! मी प्रश्न विचारायला हात वर केला. अध्यक्ष म्हणाले, वेळ संपली, आधी जेवण. मी तशीच उभी राहून दोन वाक्यं ओरडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि जेवायला गेले.

जेवणानंतर अक्का कुठं दिसेना. अर्धा तास शोधलं. शेवटी पद्माला किल्ली आठवली. गेस्ट हाऊसला जाऊन रूम नंबर सात ढकलली तर ही बाई पंखा फुल करून, पांढऱ्या चादरीवर पाय ताणून झोपलेली!

एक डोळा उघडून म्हणाली, "विस्थापित झाले बघ. आता चारपर्यंत उठवू नका."

* * *

आणि मग ती 'हरवलेली भूमी' बघायचा योग आला.

महाराष्ट्रातल्या एका गावात लेखिकांचा मेळावा होता. माझी मावसबहीण तिथल्या समितीवर, तिनं वशिला लावला. रात्रभर बसनं हाडं खिळखिळी करून आम्ही तिघी पोचलो. पद्मानं तोंड उघडलं की लोक गोळा व्हायचे. "अय्या, किती गोड बोलता हो तुम्ही! परत बोला ना!" पद्मा बँकेत तीस माणसांवर हुकूम चालवते. तिचा तिथं पोपट करून टाकला.

अक्काला वीस मिनिटं दिली होती. ती स्टेजवर गेली, कन्नड अक्षरांची वही उघडली आणि तिच्या संथ आवाजात वाचायला लागली. आई दारात येते, तिथं पहिली खुसखुस झाली. आई वय सांगते, तिथं मागून कुणीतरी खिदळलं. "आपली मराठी की गे," इथं तर सगळा हॉल हसला! कुजकट नव्हतं ते हसू, हे मान्य. कौतुकाचंच होतं. त्यानंच माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. लेकराच्या बोबड्या बोलाला हसतात ना, तसं हसत होते. सत्तरीच्या बाईला!

अक्का थांबली. वहीत बोट ठेवलं. समोर बघून अगदी शांतपणे म्हणाली, "हसून घ्या. मी थांबते. पुढच्या पानावर ती मरणार आहे."

राहिलेलं पान तिनं वाचलं. खाली उतरली तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, हे लोकांना कळत नव्हतं.

तिथंच तो प्रकाशक भेटला. झब्बा, खांद्याला पिशवी, डोळे ओले. "ताई, मी छापतो. तुमच्या बैठकीतल्या कथांचं पुस्तक करू. शेवटी ही."

मी म्हटलं, "भाषा शुद्ध करायची नाही."

"काना-मात्रा हलवणार नाही ताई. शब्द देतो."

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होती. आमच्या शेजारच्या नंजनगूडची केळी आणली होती जाताना खायला म्हणून, ती राहिलेली सगळी तिनं वाटून टाकली. कंडक्टरलासुद्धा दिली.

* * *

पुस्तक आलं. पार्सल अक्काच्या घरी शनिवारीच आलं, म्हणजे योग बघा! पद्मानं दोरी कापली. अक्कानं हळदीकुंकू लावलं. मग मला म्हणाली, "शेवटची वाच. मला तुमचं बालबोध अक्षर लावत बसायला वेळ लागतो."

मी वाचायला लागले. खरंच, काना-मात्रा हलवला नव्हता. आईचा एकेक शब्द जागच्या जागी. अक्का मान डोलवत होती. शेवटचं पान आलं. "लेकीनं रकान्यात लिहिलं..." आणि मी थांबले.

"वाच की."

मला वाचवेना. पद्मानं माझ्या खांद्यावरून बघितलं, पण तिला अक्षरं लावायला वेळ लागतो. "काय झालं सुनंदक्का?"

तिथं छापलं होतं, 'मराठी'.

लेकीनं रकान्यात लिहिलं, 'मराठी'. आईनं विचारलं, काय लिहिलीस. लेक म्हणाली, मराठी. आई म्हणाली, शहाणी गे माझी बाई. संपलं! कसली गोड गोष्ट झाली ती! लेक शूर, आई सुखी, आणि आई समाधानानं वारली!

मी खालच्या दुकानातनं एसटीडी लावला. नंबर दोनदा चुकला. प्रकाशक शांतपणे म्हणाला, "ताई, एकच शब्द बदलला. एकच! बाकी दिलेला शब्द पाळला की नाही? अहो, शेवटी वाचक खचत होता. आता बघा, वाचून लोकांना अभिमान वाटतोय. प्रती संपत आल्यात!"

मी काय काय बोलले ते मला आठवत नाही. दुकानदार मात्र पुढं कित्येक महिने मला बघून उभा राहायचा.

वर आले तर अक्का पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. ओरडली नाही, रडली नाही. "त्याला वाईट म्हणू नको गे," ती म्हणाली. "मीही तेच केलं होतं. एकच शब्द." 

मला तिचाही राग आला त्या क्षणी. सगळ्यांना समजून घेणारी ही बाई! मी म्हटलं, तुम्ही घ्या समजून. मी घेणार नाही. आजही घेतलेलं नाही.

पुढचे दोन महिने तिला पत्रं येत होती. 'काय ते धैर्य!' 'आपल्यासारख्या रणरागिणींमुळेच...' अक्का ती माझ्याकडून वाचून घ्यायची आणि फळीवर ठेवून द्यायची. एकदा म्हणाली, "मला खरं सांगून मरायचं होतं. आता दोन वेळा खोटं सांगितल्यासारखं झालं."

* * *

मग आमच्याच म्हैसूरच्या एका मराठी मंडळाला जाग आली. सरोजक्काचा जाहीर सत्कार! 

हॉल भरलेला. पुस्तकांचा गठ्ठा दारातच विकायला. अध्यक्ष वकील, आवाज खणखणीत. "त्या काळात, सरकारी नोकरी पणाला लावून, रकान्यात निर्भयपणे मराठी लिहिणारी ही वाघीण! आपल्या मातृभाषेसाठी आपण काय केलं, हे प्रत्येकानं स्वतःला विचारा!" अर्धा तास बोलले. लोक भारावून गेले. आणि हे सगळं भाषण अथपासून इतिपर्यंत कन्नडमध्ये!

पद्मा तोंडावर रुमाल धरून बसली. मला हसू येईना.

शाल झाली, श्रीफळ झालं, मल्लिगेचा, आपल्या मोगऱ्याचा, हार झाला. अक्काला माइक दिला. ती दोन्ही हातांनी माइक धरून म्हणाली, "पुस्तकात चूक आहे. मी रकान्यात कन्नड लिहिलं होतं. भ्याले होते. आईला खोटं सांगितलं."

मग अध्यक्षांनी दुसरा माइक ओढला. "बघा! याला म्हणतात विनय! एवढं करूनसुद्धा श्रेय घ्यायला तयार नाहीत!"

टाळ्यांचा कडकडाट. मी खुर्चीवरून उठले, ओरडले, "अहो, ती खरं सांगतेय!" पण त्या आवाजात माझं कोण ऐकतंय! नऊ वर्षं थांबून बाईनं भर सभेत कबुली दिली आणि लोकांनी ती टाळ्यांखाली बुडवून टाकली. मला वाटलं, आता माइकच उचलून फेकावा.

अक्का माझ्याकडं बघून म्हणाली, "सुम्ने, गप बस. पेन दे."

कार्यक्रम संपल्यावर सह्यांसाठी रांग लागली. पहिले अध्यक्षच. पुस्तकाचं पहिलं पान उघडून त्यांनी अदबीनं समोर धरलं. अक्कानं ते पान मिटलं. पुस्तक उलटं केलं, शेवटचं पान काढलं. आईच्या दारातली ती ओळ बोटानं शोधली. 'मराठी' शब्द खोडला, आणि त्याच्यावर टीचरच्या वळणदार अक्षरात, कन्नड लिपीत लिहिलं, 'कन्नड'. पुस्तक परत दिलं.

अध्यक्षांनी पान उलटसुलट करून बघितलं. "अक्का... आणि सही?"

"केली की."

दुसरं पुस्तक. तिसरं. प्रत्येकाचं शेवटचं पान, एक रेघ, एक शब्द. कुणी विचारलं, कुणी विचारलं नाही. एक-दोघे पुस्तक मागं घेऊन निघून गेले. एक पोरगी म्हणाली, माझं नवीन पुस्तक खराब केलं. अक्का मान वर न करता खोडत होती. मी पुस्तकं पुढं सरकवत होते, पद्मा शाई वाळवायला फुंकत होती. पस्तीस-चाळीस तरी झाली असतील.

शेवटी एक म्हातारी राहिली. पांढरी कॉटनची साडी, हातात कापडी पिशवी, बसचं तिकीट अजून बांगडीत खोचलेलं. आमच्यापैकी कुणीच तिला ओळखत नव्हतं. तिनं पुस्तक पुढं केलं नाही. टेबलावर ठेवलं, स्वतःच शेवटचं पान काढलं, आणि अक्काच्या हातातलं पेन काढून घेतलं. शब्द खोडला. वर लिहिलं, 'कन्नड'. अक्षर अक्काच्या अक्षरासारखंच, टीचरचं.

अक्कानं ते अक्षर निरखून बघितलं. मग विचारलं, "तुमचा वार्ड कुठला?"

"नंजनगूड," ती म्हणाली. "माझ्या यादीतलं पहिलं घर आमचंच होतं."